पुमसेत हात किती, पाय किती: तायक्वांदो नव्याने शिकणाऱ्यांसाठी

तायक्वांदोच्या वर्गात नाव घालणारे बहुतेक जण किकसाठी येतात. ऑलिंपिकमधली लढत पाहिलेली असते, डोक्याच्या उंचीवर फिरणारा पाय डोळ्यांत बसलेला असतो. मग पांढरा पट्टा बांधून महिनाभर झाला की सर पहिलं पुमसे, म्हणजे एकट्याने ठरावीक क्रमाने करायची कृतींची मालिका, शिकवायला घेतात, तेगुक इल जांग. त्यात १८ कृती आहेत. त्या नीट मोजल्या तर ९ ब्लॉक, ९ पंच आणि किक फक्त २, त्याही पंचाबरोबर एकाच कृतीत. वर्ग सुटायची वाट पाहत बाकावर बसलेले पालक हमखास विचारतात, "मॅडम, किक कधी सुरू करणार?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नीट समजलं तर पुमसे शिकणं पुष्कळ सोपं जातं. पुमसेत किक थोड्या असतात, पण त्या थोड्या किक चांगल्या दिसणं हे त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या हातांवर, आणि त्याहून जास्त पाय जमिनीवर कसा टेकतो त्यावर अवलंबून असतं. गुण जातात ते बहुतेक तिथेच. म्हणून मी नव्या मुलांना आणि मोठ्यांनाही एका ठरावीक क्रमाने सराव करायला लावते. तोच क्रम इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट विचारून घ्या

तुमच्या वर्गात कोणती पद्धत शिकवतात? पुण्यात बहुतेक ठिकाणी वर्ल्ड तायक्वांदो (ऑलिंपिकची तायक्वांदो संघटना) आणि कुक्कीवॉन (कोरियातली मुख्य संस्था) यांची पद्धत असते. तिथे पांढऱ्या पट्ट्यापासून ब्लॅक बेल्टपर्यंत तेगुकची ८ पुमसे शिकवतात: इल, ई, साम, सा, ओ, युक, चिल आणि पाल जांग. आयटीएफ या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीचा वर्ग असेल तर पुमसेऐवजी पॅटर्न किंवा तूल हे शब्द ऐकू येतील, आणि पहिलं नाव चोन-जी असेल. चोन-जीत १९ कृती आहेत आणि एकही किक नाही. दुसरं दान-गुन, २१ कृती, तिथेही नाही. किक पहिल्यांदा भेटते ती तिसऱ्या दो-सानमध्ये. तेव्हा आयटीएफच्या वर्गात नाव घातलं असेल तर धीर थोडा जास्त धरावा लागेल. खालची उदाहरणं तेगुकची आहेत, पण सरावाची रीत दोन्हीकडे चालते.

हातच जास्त का

हे माहीत नसलं तरी सराव अडत नाही, पण विद्यार्थी विचारतातच, म्हणून थोडक्यात सांगते. १९४०च्या दशकात कोरियात जे पहिले 'क्वान' म्हणजे आखाडे उघडले, त्यांच्या संस्थापकांपैकी अनेक जण जपानमध्ये कराटे शिकून आलेले होते. तायक्वांदो हे नाव १९५५ साली ठरलं. सुरुवातीचे फॉर्म कराटेच्या काताच्या, म्हणजे तिथल्या अशाच ठरावीक मालिकांच्या, वळणाचे होते, आणि कातात हाताचंच काम जास्त असतं. पायांचं कसब वाढत गेलं ते मुख्यतः लढतीत. आजच्या लढतीच्या नियमांत धडावर पंच बसला तर १ गुण, धडावर किकला २, डोक्यावर किकला ३, आणि वळून मारलेल्या किकला त्याहूनही जास्त. साहजिकच खेळाडू पायाने खेळतात. पुमसे मात्र मूळ वळण बऱ्याच अंशी धरून आहे. एकाच पोशाखात दोन वेगळी शास्त्रं शिकतो आहोत, असं मानून चाललात तर गोंधळ कमी होईल.

वहीत उतरवा

पहिलं काम हाताचंही नाही आणि पायाचंही नाही, पेनाचं आहे. एक साधी वही घ्या. जे पुमसे शिकत आहात त्याच्या कृती एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी नोंदवा: उभं कसं राहायचं, हात काय करतो, आणि किक आहे की नाही. किक असेल तिथे लाल पेनाने खूण करा.

इल जांगमध्ये लाल खुणा दोनच येतील, १४ आणि १६ या क्रमांकांना. ई जांगमध्येही कृती १८च आहेत, पण खुणा पाच: ८, १०, १६, १७ आणि १८. साम जांगच्या २० कृतींत सहा: २, ४, १४, १६, १९ आणि २०. साम जांगपर्यंतच्या सगळ्या किक आप चागी, म्हणजे समोरची फ्रंट किक आहेत. सा जांगमध्येही किक सहाच, पण त्यांतल्या ७ आणि ८ या योप चागी, म्हणजे साइड किक.

आता त्याच पानावर हातांची मोजणी करा. इल आणि ई जांगमध्ये हाताच्या कृती १८-१८. साम जांगमध्ये त्या एकदम २८ होतात, कारण तिथे किकनंतर दोन-दोन पंच आणि एकाच पावलावर ब्लॉक-पंचाची जोडी येते. म्हणजे पट्टा वाढतो तशा किक वाढतात हे खरं, पण हात त्यांच्याहून वेगाने वाढतात. मुलांना ही मोजणी स्वतः करायला लावा. आपण सांगितलेलं ती विसरतात, स्वतः मोजलेलं लक्षात राहतं.

आणखी एक नोंद करा: किहाप, म्हणजे मोठ्याने दिलेली आरोळी, कुठे आहे. इल, ई, साम आणि सा या चारही पुमसेंत तो शेवटच्या कृतीवर येतो, आणि ती कृती दर वेळी पंचावर संपते. पुमसेचा सगळ्यात मोठा आवाज हातासाठी राखून ठेवलेला आहे.

उभं राहणं

इल जांगमध्ये उभं राहण्याचे दोनच प्रकार लागतात. आप सोगी म्हणजे रस्त्याने चालताना मध्येच थांबलो तर पाय जसे राहतील तसे, गुडघे सरळ, वजन दोन्ही पायांवर सारखं. आप कुबी म्हणजे लांब पाऊल: पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, आणि साधारण दोन तृतीयांश वजन पुढच्या पायावर. खाली पाहिलं तर पुढचा गुडघा आणि पायाची बोटं एका रेषेत दिसली पाहिजेत. मागचं पाऊल थोडं बाहेर वळलेलं असतं, पण टाच उचललेली चालत नाही.

नवे लोक आप सोगी लांबवतात आणि आप कुबी आखडतात, आणि शेवटी दोन्ही सारख्याच दिसायला लागतात. घरातल्या फरशीची मदत घ्या. आपल्या आप सोगीला किती फरशा लागतात आणि आप कुबीला किती, ते एकदा सरांच्या नजरेखाली ठरवून घ्या आणि घरी तेच माप धरा. हा सराव कंटाळवाणा आहे, पण आठवडाभर तरी कराच. पुढे किक मारून पाय खाली येईल तेव्हा तो याच मापावर यायला हवा. माप पायात बसलेलं नसेल तर तो कुठेही पडेल.

हात: सुरुवात कुठून, शेवट कुठे

हाताच्या प्रत्येक कृतीला सुरुवातीची जागा असते आणि शेवटची. नव्या माणसाला शेवटची जागा पटकन कळते, कारण ती दिसते. सुरुवातीची तो गाळतो. आरे माक्की, म्हणजे खालचा ब्लॉक घ्या. ब्लॉक करणारी मूठ विरुद्ध बाजूच्या खांद्यापाशी जाते, तिथून खाली येते आणि पुढच्या मांडीच्या वर साधारण दोन मुठींच्या अंतरावर थांबते. त्याच वेळी दुसरा हात पुढून मागे खेचला जाऊन मूठ कमरेशी येते, तळवा वर. हे खेचणं निम्मं काम आहे. हात खेचला गेला की कंबर वळते, आणि कंबर वळली की ब्लॉकला जोर येतो.

ओलगुल माक्की, म्हणजे वरचा ब्लॉक, कपाळासमोर येतो, कपाळापासून साधारण एक मूठ अंतर ठेवून. हात डोक्यावर छत्रीसारखा फार वर गेला तर चेहरा उघडा पडतो, कपाळाला चिकटला तर बसणारा मार हातासकट तोंडावर येतो. आन माक्की, म्हणजे बाहेरून आत येणारा ब्लॉक, छातीच्या मध्यरेषेवर थांबतो, मूठ खांद्याच्या उंचीला. मोमतोंग जिरुगी, म्हणजे मधला पंच, छातीच्या हाडाखाली जो खळगा असतो त्या उंचीला. ई जांगमधला ओलगुल जिरुगी नाक आणि वरच्या ओठाच्या मधल्या जागेवर. लहान मुलं हे दोन पंच एकाच उंचीवर मारतात. भिंतीवर आपल्या उंचीनुसार दोन छोट्या टेपच्या पट्ट्या लावल्या की आठवड्याभरात फरक दिसतो.

हातांचा सराव आधी जागेवर करा. जुंबीत, म्हणजे सुरुवातीच्या तयारीच्या स्थितीत, उभं राहा, मग पाय खांद्याइतके फाकवून, पुढे न जाता, इल जांगचे सगळे हात क्रमाने करा, किकच्या जागी नुसतं थांबा. आरशासमोर केलं तर उत्तम. आमच्या वर्गात कोथरूडहून येणारे एक काका आहेत, वयाने पन्नाशीच्या पुढचे. त्यांना गुडघ्याच्या त्रासामुळे काही दिवस उड्या आणि किक बंद होत्या. त्या काळात त्यांनी फक्त हे जागेवरचे हात केले. परत पूर्ण पुमसे करायला लागले तेव्हा बाकीच्यांनी थांबून पाहिलं, इतके त्यांचे ब्लॉक स्वच्छ झाले होते. एक पोरगा त्यांना म्हणाला, "काका, तुमचा हात आधी कुठे जातो ते दिसतं." याहून चांगली दाद मला तरी ठाऊक नाही.

किक, एकटी

आता पाय. आप चागीचे चार भाग करा आणि चारही वेगवेगळे मोजा. एक, गुडघा वर. दोन, पाय सरळ, बोटं मागे ओढून चवड्याने मार. तीन, पाय पुन्हा गुडघ्यातून दुमडून आधीच्या जागी. चार, पाय खाली. तिसरा भाग कुणालाच नको असतो. किक लागली, काम झालं, असं वाटतं आणि पाय तिथूनच खाली आपटतो.

भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला एका हाताने धरून, हळू, प्रत्येक पायाने करा. तिसऱ्या भागावर मनात दोन आकडे मोजेपर्यंत थांबा. उंचीचा हट्ट सुरुवातीला सोडा, पोटाच्या उंचीची किक चालेल. उंच किक सुंदर दिसते, स्पर्धेत ती हवीच, पण ती मारताना उभ्या पायाची टाच उचलली जात असेल किंवा पाठ मागे झुकत असेल तर सध्या ती तुमच्या ताकदीबाहेर आहे. मांडीचा मागचा स्नायू मोकळा व्हायला महिने लागतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या थंडीत गच्चीवर येऊन पहिल्याच मिनिटाला पाय वर फेकणारे दर वर्षी दिसतात, आणि मग आठवडाभर लंगडतात. आधी अंग तापवा, मग ताण द्या, मग किक.

पर्वतीला रोज चढणारे बरेच विद्यार्थी आहेत. पाय मजबूत होतात, चांगलंच आहे. पण पर्वती आणि किकचा सराव एका सकाळी ठेवू नका. उतरताना मांड्या थरथरायला लागतात आणि त्यावर मारलेली किक चुकीची सवय लावते.

किक मारताना हात कुठे? दोन्ही मुठी छातीसमोर, सैल, पण आपल्या ताब्यात. किकबरोबर हात मागे फेकले जाणं ही नव्यांची सगळ्यात उघड दिसणारी खूण आहे. यावर आमचे सर एक साधा उपाय करतात: दोन्ही मुठींत एकेक रुमाल धरायला लावतात, त्याची टोकं लोंबती. किक मारली आणि टोकं मागे उडाली तर हात सुटले. मुलांना लगेच कळतं, रागावावं लागत नाही.

पाय टेकतो तो क्षण

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

ई जांगची ८वी कृती पाहा. उजवी आप चागी, पाय पुढे टेकून आप कुबी, आणि उजव्या हाताचा चेहऱ्यावरचा पंच. आणि १६वी कृती: तीच उजवी आप चागी, पण पाय टेकतो आप सोगीत, आणि पंच मधल्या उंचीवर. किक तीच, तिचा शेवट दोन वेगळ्या ठिकाणी. एकदा लांब, एकदा छोटा. एकदा पंच वर, एकदा मध्ये. ज्याने किक तिसऱ्या भागात, गुडघा दुमडून, थांबवायला शिकलं आहे त्याला हा फरक करता येतो. ज्याचा पाय किकच्या जोरानेच पुढे पडतो त्याची प्रत्येक किक आप कुबीतच संपते, कारण शरीर आधीच पुढे गेलेलं असतं.

मागच्या परीक्षेआधी आमच्या वर्गातली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी हेच करत होती. किक छातीच्या वर, सरळ, बघत राहावं अशी. पण पाय धपकन पडायचा, पुढचा गुडघा बोटांच्या पुढे जायचा, आणि पंच अर्ध्या क्षणाने मागून यायचा. सरांनी तिला किकबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "गुडघा दाखव." म्हणजे किक मारून झाल्यावर दुमडलेला गुडघा वर धरून मला दाखव, मग पाय ठेव. पहिल्या प्रयत्नांत ती डगमगली, उभ्या पायावर उड्या मारून तोल सावरला. मग किकची उंची आपोआप थोडी कमी झाली, आणि गुडघा दिसायला लागला. तेव्हापासून "गुडघा दाखव" हा वर्गातला परवलीचा शब्द झाला आहे. मोठी मुलं लहानांना तेच सांगतात.

घरी हा सराव असा करा. किक, गुडघा वर धरून थांबा, मनात "आप सोगी" म्हणा, आणि पाय हळूच छोट्या मापावर ठेवा. पंच नको. पुन्हा किक, थांबा, "आप कुबी" म्हणा, लांब मापावर ठेवा. जमलं की पंच जोडा, पण अशा बेताने की पाऊल जमिनीवर टेकणं आणि पंच पोहोचणं एकाच क्षणी होईल. आवाजावरून कळतं: पावलाचा आणि डोबोकच्या, म्हणजे तायक्वांदोच्या पोशाखाच्या, बाहीचा आवाज एकत्र आला पाहिजे. दोन आवाज ऐकू आले तर हात किंवा पाय यांपैकी कुणीतरी घाई करतंय. बहुतेक वेळा तो पाय असतो.

हाताची बाजूही तपासा. इल, ई या पुमसेंत ज्या पायाने किक त्याच बाजूच्या हाताने पंच. साम जांगच्या दुसऱ्या कृतीत उजव्या किकनंतर दोन पंच, आधी उजवा मग डावा. सा जांगच्या सहाव्या कृतीत मात्र उजवी किक आणि पंच डावा. सवयीने उजवाच जातो. आणि सा जांगच्या १०व्या कृतीत किक मारून पाय पुढे टेकायचाच नाही, तो होता तिथे मागे आणायचा, द्वित कुबीत, म्हणजे बरंचसं वजन मागच्या पायावर ठेवून, आणि मग आन माक्की. गुडघा दुमडून थांबायची सवय नसलेल्या माणसाला ही कृती येतच नाही. म्हणूनच मी म्हणते की सा जांगची तयारी ई जांगमध्येच होते.

खडूची खूण

सगळं जोडून पूर्ण पुमसे करायला लागलात की जिथे जुंबीत उभे राहता तिथे खडूने एक रेघ मारा. इल जांग संपल्यावर त्याच जागी, फार तर एखाद्या पावलाच्या फरकाने, परत यायला हवं. पुढे-मागे फरक पडला तर आप कुबीची मापं सारखी नाहीत. बाजूला सरकला असाल तर १३ ते १६ या कृती पुन्हा पाहा: किक मारताना उभा पाय जागेवरून घसरतोय किंवा उडी घेतोय, असं बहुतेक वेळा निघतं. शिवाय फोन कुठेतरी टेकवून व्हिडिओ घ्या आणि दोनदा पाहा, एकदा फक्त हातांकडे, एकदा फक्त पायांकडे. दोन्ही एकदम पाहायला गेलं की डोळा आपोआप किककडे जातो.

जागा आणि पाऊस

सोसायटीची गच्ची सोयीची, पण जूनपासून गणपती होईपर्यंत तिच्यावर शेवाळ असतं. किकसाठी उभा पाय घसरला तर गुडघा आणि मनगट दोन्ही जातात. पावसाळ्यात पार्किंगमधला कोरडा कोपरा बरा, पण तिथल्या गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून सराव करू नका. अनवाणीच करा. बागेतल्या हिरवळीवर हाताचा सराव छान होतो, वळणं मात्र होत नाहीत, पाऊल गवतात अडकतं आणि गुडघा पिळला जातो. घरात जागा नसेल तर पुमसेचे तुकडे करा. इल जांगच्या पहिल्या चार कृतींना दिवाणखाना पुरतो.

आठवड्याचा वेळ

वर्गाव्यतिरिक्त घरी तासभर मिळत असेल तर माझ्या मते वीस मिनिटं उभं राहणं आणि जागेवरचे हात, पंधरा मिनिटं भिंतीला धरून हळू किक, पंधरा मिनिटं किक-टेकणं-पंच ही जोडणी, आणि उरलेल्या दहा मिनिटांत पूर्ण पुमसे, तीन-चार वेळाच. नवे लोक बरोबर उलटं करतात. पूर्ण पुमसे वीस वेळा, एकाच चुकीसह. चूक पक्की होते, पुमसे होत नाही.

वेळ कमी असेल तर हात आणि जोडणी ठेवा, नुसती किक कापा. वर्गात ती भरपूर होते.

परीक्षा आणि स्पर्धा

बेल्ट टेस्टमध्ये परीक्षक काय पाहतात ते तुमच्या सरांना विचारा, वर्गावर्गाला भर वेगळा असतो. स्पर्धेचं गणित मात्र ठरलेलं आहे. नेमून दिलेल्या पुमसेच्या स्पर्धेत १० गुण असतात: ४ अचूकतेचे, ६ सादरीकरणाचे. सादरीकरणात वेग आणि ताकद, लय, आणि ऊर्जेची अभिव्यक्ती यांना प्रत्येकी २. अचूकतेत छोट्या चुकीला ०.१ आणि मोठ्या चुकीला ०.३ कापले जातात. ब्लॉकची मूठ दोन बोटं वर थांबली की ०.१, असं १८ कृतींत होत राहिलं तर काय उरेल ते पाहा. किकच्या दोन जागा आहेत, हाताच्या अठरा.

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात किंवा शहरात कुठेही पुमसेची स्पर्धा असेल तर एकदा नुसतं बघायला जा. अंतिम फेरीपेक्षा सकाळची लहान गटांची फेरी जास्त शिकवते, कारण तिथे चुका दिसतात. कोण पाय टेकताना डगमगतं आणि कुणाचा पंच उशिरा येतो, एवढ्याच दोन गोष्टी पाहत बसा. तासाभरात तुमचे अंदाज परीक्षकांच्या गुणांशी जुळायला लागतील.

पुढे काय येतं

ओ जांगमध्ये साइड किक आणि कोपर एकत्र येतात, युक जांगमध्ये दोल्यो चागी म्हणजे राउंड किक, पाल जांगमध्ये उडी मारून किक. ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पुमसेत, कोर्योत, तोच पाय खाली न ठेवता आधी खाली आणि लगेच वर अशी दुहेरी साइड किक आहे. तिथे गुडघा दुमडून धरण्याची सगळी मेहनत वसूल होते.

आणि त्याच्या पुढचं, कुमगांग, त्यात एकही किक नाही. २७ कृती, बहुतेक सगळ्या संथ आणि जड. एक हात वर ब्लॉक करतो, दुसरा खाली, आणि शरीर एका पायावर उभं, दुसरा पाय गुडघ्याशी दुमडलेला. जे विद्यार्थी वर्षानुवर्षं फक्त किकच्या बळावर पुढे आलेले असतात ते इथे अडतात. ज्यांनी ई जांगमध्ये गुडघा दाखवत थांबायची सवय लावून घेतली होती त्यांना हे एका पायावरचं उभं राहणं फारसं जड जात नाही. तुम्ही आत्ता पांढऱ्या पट्ट्यावर असाल तर कुमगांग फार लांब आहे, पण एका पायावर उभं राहण्याचा सराव आजही करता येतो: सकाळी दात घासताना, डावा पाय एक मिनिट, मग उजवा.